रुईतला लाल दोरा

१

इलानं नमुन्याच्या पिशवीची दोरी सोडली आणि रुई टेबलावर पसरली. पांढऱ्याशुभ्र रुईत लालभडक दोरे! तिनं घाईघाईनं दुसरी पिशवी सोडली. तिच्यातही तेच.

“घ्या! आता बोंबला!” जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, मॅनेजर नानाजी कपाळाला हात लावून म्हणाले. “गेला मॅडम आपला माल.”

रोहण्याच्या शेतकरी गटाचा हा माल ज्या परदेशी कंपनीला जायचा होता, तिचं नाव गावात कुणाच्याच जिभेवर धड बसत नसे. सगळे आपले नुसतं ‘कंपनी’ म्हणत. ही कंपनी जगभर कपडे विकते आणि तिची अट एकच, पण मोठी जालीम: रुईत परका धागा नको. साडीचा नको, पोत्याचा नको, डोक्यातला केससुद्धा नको. त्यापायी तर वेचणाऱ्या बायांना पांढऱ्या टोप्या आणि सुती एप्रन वाटले होते. ‘आमाले पार डॉक्टरीन करून टाकलं’ म्हणून बाया तेव्हा हसून हसून बेजार झाल्या होत्या.

इला कंपनीची गुणवत्ता निरीक्षक. नोकरी वर्ध्याला, पण बाई मूळची रोहण्याचीच. गटाचे अध्यक्ष हरिभाऊ गुरुजी म्हणजे तिचे सख्खे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. करारावर सही त्यांचीच. ते या वेळी बाहेर टिनाच्या शेडखाली नारळ आणि हार मांडत होते, कारण आज स्वच्छ कापूस दिल्याबद्दल वेचणाऱ्या टोळीचा सत्कार होता. सत्कार! इलाला तो शब्द आठवला आणि कसंतरीच झालं.

टेबलाजवळचा तिसरा माणूस अनय. कंपनीचा खरेदी अधिकारी, नागपूरचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं चटकन मोबाईलवर फोटो काढले, पाठवून दिले, पिशव्या उचलून आपल्या गाडीत कुलूपबंद केल्या. इलानं तेवढ्यात दोन दोरे रुमालात बांधून घेतले. मग अनय दारात आला आणि त्याची नजर शेडखाली गेली.

टोळीची मुकादमीण मंदाबाई सत्कारासाठी ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर ती पांढरी टोपी घालून आली होती. साडी लालभडक.

“मिळाला चोर,” अनय म्हणाला. “वॉचमन, गेट लावून घे. रिपोर्ट जाईपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.”

२

“रिपोर्टमध्ये खुणा करायला जागा दोनच आहेत, इलाताई,” अनयनं समजावलं. लहान पोराला समजवावं तसं. “धागा वेचणीत आला असेल, तर माल नाकारला जाईल आणि ती टोळी काळ्या यादीत. कंपनीच्या कुठल्याच गावात त्या बायांना वेचणी मिळणार नाही. गटाला मात्र काही होणार नाही, त्यांनी माल कुठंही विकावा. पण धागा नंतर कुणी मुद्दाम टाकला असेल, तर तो विश्वासघात. मग गटच बाद, कंपनी पुन्हा कधी त्यांचा माल घेणार नाही. आणि टाकणाऱ्याचं नाव लागेल. दिवस मावळायच्या आत सही करा.”

म्हणजे काय, तर इकडे आड आणि तिकडे विहीर. आणि आसपासच्या गावांतला निम्मा कापूस कंपनीचाच, तेव्हा काळी यादी म्हणजे त्या बायांच्या चुलीत पाणीच.

शेडखाली हार तसेच ताटात पडले होते. बाया एकमेकींना खेटून बसल्या होत्या. गेटला कुलूप पाहून त्यांची बोबडीच वळली होती. मंदाबाई तेवढी उभी.

“मॅडम, आमी काय केलं, सांगा ना. आमाले कोंडून काऊन ठेवलं?”

“रुईत लाल धागा निघाला, मंदाबाई. साहेब म्हणतात तुमच्या साडीचा.”

“माय वो!” मंदाबाईनं पदर पुढे धरला. “हे साडी आज पेटीतून काढली मी. वावरात कोणी असं नेसून जाते काय? तिथं तर जुनं लुगडं, त्याच्यावर तुमचं ते एप्रन. टोपीखाली केस असे कोंबले की डोकं दुखे. त्याचं हे बक्षीस देऊन राह्यले काय तुमी?”

इलानं मंदाबाईच्या पदराच्या कडेचा एक सुटा धागा मागितला. बाईनं तो स्वतःच दातानं तोडून दिला. मग इला नानाजींच्या चहाच्या शेगडीपाशी गेली आणि तो धागा चिमट्यात धरून जाळावर नेला. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. नायलॉन.

आता तिनं रुमालातला एक दोरा धरला. तो भुर्रकन पेटला, कागद जळाल्यासारखा वास आला आणि चिमट्याला राखाडी राख उरली.

“नानाजी, हे पाहा. हे सूत आहे. अस्सल सुती दोरा.”

“म्हणजे साडीचा नाई?”

“नाई. आणि दुसरं सांगा. वेचलेल्या कापसात दोरा असला, तो रेच्यातून गेला, सरकी वेगळी झाली, रुई बाहेर पडली. तोवर त्या दोऱ्याचं काय होते?”

“चिंध्या होते मॅडम! रेच्याचे रूळ काय त्याले सोडतात? कुतरून कुतरून रुईभर पसरते. वेचता वेचता जीव जाते.” नानाजी बोलता बोलता थांबले. रुमालातला उरलेला दोरा त्यांनी उचलून उजेडात धरला. वीतभर लांब, अखंड, साधा पीळही सुटलेला नव्हता.

“हे तर रेच्यातून गेलंच नाई,” ते हळूच म्हणाले.

बायांवरचा आळ गेला. इलाला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. दोरा रेच्यातून गेला नाही, म्हणजे तो पिशवीतच कुणीतरी हातानं टाकलाय. पिशव्या काल भरल्या, आणि तेव्हापासून त्या काट्याच्या खोलीतच टांगलेल्या होत्या. मुद्दाम टाकणारा माणूस जिनात येणारा-जाणाराच होता.

३

काट्याची खोली म्हणजे वजनाचा मोठा काटा असलेली, जिनाच्या तोंडाशीच असलेली खोली. दिवसभर उघडी. काल तिथं कोण कोण आलं होतं?

“मी नव्हतो बाप्पा,” नानाजींनी आधीच सांगून टाकलं. “परवापासून सावंगीच्या दवाखान्यात होतो. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन. आज सकाळी तिले घरी सोडून सरळ इथं आलो. विचारा तिले.”

“नाई विचारत. पण काल आलं कोण?”

“अनय साहेब आले होते म्हणे. गुरुजी तर रोजच येतात. आन् भैय्याजी.”

भैय्याजी म्हणजे जाम गावच्या चौरस्त्यावरचे कापसाचे व्यापारी. आजही ते गाडीसकट आत अडकले होते आणि मोबाईलवर कुणाला तरी दणादण शिव्या देत होते. इला जवळ जाताच आवाज एकदम साखरेचा झाला.

“या मॅडम! मले विचारता? विचारा. माल सुटला तर मी घेईन, खुशीत घेईन, तुमच्या कराराच्या वर भाव देईन. लपवून काय ठेवू? पण चोरून दोरा टाकाले मी काय येडा हो? त्या काट्याच्या खोलीत नानाजी मले पाय ठेवू देत नाई. ऑफिसात चहा पेतो, निघून जातो. आन् म्हणे चार चिंध्या निघाल्या रुईत, तेवढ्यासाठी कोंडून ठेवता काय लोकाईले?”

चिंध्या. इलानं शब्द मनात ठेवला.

मग अनय. तो गाडीत बसून एसी खात होता. इलानं सरळच विचारलं, “गाव म्हणेल, दोरा तुम्हीच टाकला. करारातून सुटायला.”

अनय मनापासून हसला. “इलाताई, तुम्ही तरी असं बोलू नका. दिवाळीच्या आधी टाकला असता, तर समजलो असतो. सरकारनं बाहेरच्या कापसावरचा आयात कर काढला होता. परदेशी गठाणी ढिगानं आल्या, इथला भाव आपटला, आणि आम्ही मात्र कराराचा चढा भाव देत बसलो होतो. तेव्हा वरून रोज फोन यायचा, काही खुसपट निघतं का बघ. नवं वर्ष लागलं, कर परत आला, बाजार चढला. आता कराराचा भावच खाली राहिला. आज ही रुई आमच्यासाठी स्वस्तातलं सोनं आहे. मी ती कशाला हातची घालवू?”

इलानं शांतपणे ऐकलं. माणूस आवडो न आवडो, बोलला ते सोळा आणे खरं. करार तोच, कापूस तोच. कुठल्या तरी दूरच्या ऑफिसात एक आदेश निघाला आणि अडकलेला माणूस बदलला. आधी कंपनी अडकली होती. आता गाव अडकलं होतं.

म्हणजे दोरा टाकून सुटणार कोण? गावच की!

शेडखाली हरिभाऊ गुरुजी खुर्चीत बसले होते. खांद्यावर घोंगडी, समोर न फोडलेले नारळ. आयुष्यभर गावातली पोरं शिकवलेला माणूस, पण आज वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता.

“मोठेबाबा, पाणी देऊ?”

“नको बेटा.” त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “तू त्या बायाईले सोड ना. केवढा तो राईचा पर्वत! चार दोरे आहेत, ओढून काढले की रुई जशीच्या तशी. माल काही खराब नाई झाला.”

“हो,” इला म्हणाली, आणि तिथून उठली. पिशव्या उघडल्या तेव्हा टेबलाशी तिघंच होते. त्यानंतर पिशव्या अनयच्या गाडीत. भैय्याजी चिंध्या म्हणाले, कारण रुईतल्या कचऱ्याला सगळेच चिंध्या म्हणतात. मोठेबाबांनी मात्र न पाहता सांगितलं, की दोरे ओढून काढता येतील, म्हणजे ते अखंड आहेत.

४

ती एकटीच काट्याच्या खोलीत गेली. आपण चुकतोय, असं काहीतरी दिसावं म्हणून गेली.

काट्याच्या खांबाला लाल फडकं बांधलेलं होतं. हंगाम सुरू होतो तेव्हा काटापूजन होतं, नारळ फुटतो, पहिला कापूस मोजतात, आणि त्या दिवशी अध्यक्ष स्वतःच्या हातानं काट्याला कोरं लाल सुती फडकं बांधतात. ते हंगामभर तसंच राहतं. ज्यानं बांधलं त्यानंच हंगाम संपल्यावर सोडायचं, मधे कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. लहानपणी इलानं एकदा त्याला हात पुसले होते, तेव्हा मोठेबाबांनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला होता की दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

“नानाजी,” तिनं हाक मारली. “या फडक्याला मजूर हात लावतात काय हो?”

“लावून पाह्यतील! मागं एकानं टावेल वाळू घातला होता त्याच्यावर, त्याले मी कामावरून काढला. चोरसुद्धा हात लावणार नाई मॅडम. काटा खोटा पडते म्हणतात.”

इला जवळ गेली. फडक्याची एक कड सरळ, घट्ट विणीची. दुसरी कड झडल्यासारखी, उसवलेली. तिथले आडवे धागे कुणीतरी एकेक करून ओढून घेतले होते. तिनं रुमालातला दोरा कडेशी लावून पाहिला. रंग तोच, जाडी तीच. आणि फडकं पुन्हा बांधताना गाठ खांबाच्या मागल्या अंगाला गेली होती. काटापूजनाच्या फोटोत, जो समोरच भिंतीवर चिकटवलेला होता, गाठ पुढे होती.

अनयला हे फडकं कशासाठी आहे ते माहीतही नव्हतं. त्याला दोराच हवा असता, तर बाजारात काय कमी मिळतो? भैय्याजींनी टाकले असते, तर ते अखंड दोऱ्यांना चिंध्या म्हणाले नसते. नानाजी सावंगीत होते, आणि असते तरी त्यांनी आधी स्वतःचा हात कापून घेतला असता. आणि कुणालाही नुसता माल बाद करायचा असता, तर सुतळीचा, नायलॉनचा, कसलाही धागा चालला असता. पण इथं टाकणाऱ्यानं सूतच निवडलं होतं. रुई बाद व्हावी, पण नासू नये, एवढी ज्याला काळजी होती, असा माणूस गेटाच्या आत एकच होता.

मागून खोकल्याचा आवाज आला. हरिभाऊ दारात उभे होते.

“सापडलं?” ते म्हणाले.

५

“काऊन केलं मोठेबाबा?”

ते काट्याशेजारच्या पोत्यावर बसले. “तुले काय सांगू! रोज सकाळी लोकं येऊन ओसरीत बसतात. म्हणतात, गुरुजी, तुमच्या सहीनं आमाले बांधून टाकलं, बाजार तिकडं वर चालला न् आमी इथं तोंड पाहून राह्यलो. दिवाळीत हेच लोकं माह्या पाया पडत होते, भाव पडला तेव्हा. आता पारावर गेलो की बोलणंच बंद करतात. आन् करार मोडावा म्हटलं तर गट बाद होते. मी पुरा फसलो होतो बेटा. वाटलं, कापसात दोरा निघाला की माल परत येईन. कंपनीचं काही जात नाई, गावाचं भलं होते. नायलॉन टाकाले हात धजला नाई. म्हून ते फडकं… काट्याले हात जोडले आधी.”

“अन् बाया?”

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली.

“बायांचं काय मोठेबाबा? धागा निघाला की पहिल्यांदा कुणाला धरतील, हे तुमाले माहीत नव्हतं?”

“ध्यानातच नाई आलं,” ते म्हणाले. आणि तेच खरं होतं, आणि तेच इलाला सगळ्यात जास्त लागलं. सरकारचा विचार केला, कंपनीचा केला, बाजाराचा केला, काट्याचीसुद्धा माफी मागितली; पण ज्यांच्या हातांनी बोंडाबोंडातून हा कापूस बाहेर आला, त्या बाया काही या माणसाच्या ध्यानात आल्या नाहीत! तिला राग आला, आणि रडूही आलं. याच माणसानं तिला बाराखडी शिकवली होती.

“सकाळपासून त्या कोंडल्या आहेत. तुम्ही समोर बसून होता. तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“बोलाले तीनदा उठलो. गट बाद होईन म्हून बसलो.”

“मी ‘वेचणीत’ नाई लिहिणार,” इला म्हणाली. “अन् दुसरं लिहिलं की नाव मागतील. तुमचं नाव मी माझ्या हातानं कसं लिहू, तेवढं सांगा मले.”

मग हरिभाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले. “तू नको लिहू. मी सांगतो.”

ते शेडखाली गेले. तोवर गेटाबाहेर गटाचे शेतकरी जमले होते, गजांना धरून आत पाहत होते. माल नाकारला म्हणून त्यांचे चेहरे खुललेले होते, ते काही लपत नव्हतं. गुरुजींनी टोपी काढली आणि बायांपुढे उभे राहिले.

“मंदाबाई, तुमच्या साडीचा नाई धागा. काट्याच्या फडक्याचा आहे. मी काढला आन् मी टाकला. तुमचा कोणाचा काही दोष नाई.”

बाया नुसत्या पाहत राहिल्या. पण गेटाबाहेर एकच कल्ला उठला. आणि तो काय म्हणून उठला? दोरा टाकला म्हणून नाही, हो!

“गुरुजी, सांगितलं काऊन तुमी?” एक जण ओरडला. “गप बसता येत नव्हतं काय?”

“चार बायाईसाठी अख्खा गट बुडवला!”

अनयनं इलापुढे टॅबलेट धरला. तिनं खूण केली, सही केली. आपल्याच घरावर शिक्का मारतोय असं तिला वाटलं, पण तिनं केली. गट बाद झाला. माल आता मोकळा होता, कुणालाही विकायला मोकळा.

भैय्याजींनी गाडीची काच खाली केली. “गुरुजी, माल मी घेतो ना. पण सकाळचा भाव आता नाई परवडणार बरं. दोरा टाकणारा गट म्हटल्यावर तुमाले दुसरं गिऱ्हाईक कुठं आहे?”

वॉचमननं कुलूप काढलं. गेटाबाहेरची गर्दी बाजूला झाली, पण बायांकडे कुणी पाहीना. ज्यांच्या वावरात त्या वर्षानुवर्षं वेचायला जात, त्यांनीच तोंडं फिरवली. मंदाबाई पदर खोचून उभी होती. तिनं ते सगळं पाहिलं. मग ती इलाकडे वळली.

“मॅडम, तुमी आमचं नाव धुतलं, लय उपकार झाले. पण उद्या आमी कोणाच्या वावरात जाऊ?”

गेट सताड उघडं होतं आणि तरी एकही बाई जागची हलत नव्हती.

“माह्या वावरात येजा,” हरिभाऊ मागून म्हणाले. “शेवटची वेचणी बाकी आहे माही. कमी आहे कापूस, पण आहे.”

मंदाबाईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. गुरुजी म्हणून आजवर ती त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली.

“येऊ ना. पण गुरुजी, मजुरी रोजची रोज घेऊ. आन् सत्काराले बोलावजा नका.”

तिनं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, नीट घडी घातली आणि हारांच्या ताटात ठेवली. मग तिच्यामागोमाग एकेक बाई गेटातून बाहेर पडली.